पिंजरा आणि दिवा

२०२२ साली नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २४ ऑक्टोबर रोजी आले होते. पहिल्या आंघोळीची ती पहाट. सारी मुंबई उटण्याच्या सुवासात आणि फटाक्यांच्या आवाजात जागी होत असता गोरेगावच्या आरे वसाहतीत एक माउली घराजवळच्या देवळात पणत्या लावावयास बाहेर पडली. तिच्या मागोमाग तिचे सोळा महिन्यांचे लेकरू उंबरठा ओलांडून बाहेर आले, आणि दबा धरून बसलेल्या बिबट्याने ते उचलून झुडपात नेले. घरच्यांनी धाव घेऊन लेकरू सोडविले. परंतु त्याचे प्राण वाचू शकले नाहीत.

पुढे जे घडावयाचे ते सर्व यथाक्रम घडले. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले, वृत्तपत्रांचे रकाने भरले, त्यांत आमचेही भरले, आणि थोड्याच दिवसांत शहर दुसऱ्या विषयाकडे वळले. त्या पहाटेचे स्मरण आज आम्ही करून देत आहोत ते कोणाच्या जखमेवरील खपली काढण्यासाठी नव्हे. बिबट्याचा प्रश्न ह्या शहरापुढे उद्याही राहणार आहे, आणि त्याचा विचार लेकरू दगावल्यावर करावयाचा की त्याआधी, एवढेच काय ते ठरवावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. पश्चिमेस बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगाव, पूर्वेस मुलुंड, भांडुप व पवई आणि उत्तरेस ठाणे अशा वस्तीने ते वेढलेले आहे. दक्षिणेकडे त्याला लागून आरेचे हिरवे रान आहे, आणि त्या रानाची कड अंधेरीच्या मरोळपर्यंत येऊन भिडते. ह्या जंगलात उंबरठ्याशी दुसरी मुंबई आहे हे बिबट्यास ठाऊक आहे. आपल्या उंबरठ्याशी जंगल आहे हे मात्र मुंबईकर वरचेवर विसरतो. बिबट्याच्या अंगावरील ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात. जंगलवाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून त्या ठिपक्यांवरून २०१५ साली गणना करण्यात आली, तेव्हा उद्यान व परिसर मिळून ३५ बिबटे आढळले. २०१८ च्या गणनेत हा आकडा ४७ झाला. एवढ्या लहान जागेत एवढे बिबटे आणि त्यांच्या भोवती एवढी माणसे, असा संसार जगात क्वचितच कोठे चालत असेल.

घाटकोपरच्या चाळीत अथवा अंधेरीच्या कचेरीत बसून हे वाचणाऱ्यास वाटेल की ह्या संसाराशी आपला काय संबंध? संबंध आहे. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली बांधून पुरे झाले. हे दोन्ही तलाव ह्याच जंगलाच्या कुशीत आहेत, आणि मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्यात त्यांचा वाटा, थोडा का होईना, आजही आहे. ते रान राहिले म्हणून त्या डोंगरांवर पाणी मुरते, उपनगरांना श्वास घेता येतो. रान हवे पण त्यातील रहिवासी नको, असे म्हणणे म्हणजे घर हवे पण घरातील वडीलधारी माणसे नकोत असे म्हणण्यासारखे आहे.

बिबट्याविषयी ह्या शहरात दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे असे की, सारे बिबटे पकडून दूर नेऊन सोडावे, म्हणजे कटकट मिटेल. दुसऱ्या पक्षाला बिबट्याचे कोण कौतुक! उंच इमारतीच्या सज्जातून तो दिसला की त्याचे चित्रण मित्रमंडळींत फिरवावयाचे आणि निसर्गाच्या सान्निध्यात राहत असल्याचा अभिमान मिरवावयाचा, एवढीच त्यांची बिबट्याशी ओळख. हे दोन्ही पक्ष बहुधा एकाच इमारतीत राहतात. इतकेच काय, कित्येकदा एकाच माणसाच्या ठायी नांदतात. बिबट्या कुंपणापलीकडे असला की कौतुक, आणि कुंपणाच्या आत आला की पिंजरा.

ह्या पिंजऱ्याची कथा आता जुनी झाली आहे. २००२ ते २००४ ह्या काळात उद्यानाच्या भोवताली बिबट्यांच्या हल्ल्यांनी हाहाकार उडविला. एकट्या जून २००४ मध्ये दहा माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हाही पिंजरे लावण्यात आले, आणि बिबट्यास जंगलातच खावयास मिळावे म्हणून डुकरे व ससे आणून सोडण्याची युक्तीही योजण्यात आली. अन्यत्र पकडलेले बिबटे ह्या उद्यानात आणून सोडण्याची रीतही त्या दिवसांत होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार होता.

पकडून दूर सोडल्याने काय होते, ह्याचा पडताळा त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात आला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. उसाच्या शेतांतून पकडलेले २९ बिबटे जवळपासच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले होते. त्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाकाठी सरासरी चार हल्ले होत असत. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झाले. कारण समजण्यास अवघड नाही. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. तेथल्या वाटा, पाणवठे, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्यास पाठ असतात, आणि माणसाला चुकवून कसे जगावे हे तो तेथे शिकलेला असतो. त्याला पिंजऱ्यात कोंडून, माणसांच्या गर्दीत बिथरवून अनोळखी मुलखात सोडले म्हणजे ते सारे शिक्षण वाया जाते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येऊन बळकावतो. एका वर्गातील द्वाड मुलाला दुसऱ्या वर्गात नेऊन बसविले म्हणजे शाळेला शिस्त लागली, असे मानणाऱ्या मास्तरासारखी ही युक्ती आहे. तिने दोन्ही वर्ग बिघडतात.

सोडलेला प्राणी सोडल्या जागी राहतो, असेही नाही. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. शांत स्वभावामुळे अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. हा आजोबा शंभराहून अधिक किलोमीटर चालत, वस्त्या, रस्ते व लोहमार्ग ओलांडत थेट मुंबईच्या ह्या उद्यानापर्यंत येऊन पोहोचला. एवढ्या वाटचालीत त्याने कोणा माणसास इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबईच्या वेशीवरील हमरस्त्यावर एका वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. माणसाने बिबट्याशी आणि बिबट्याने माणसाशी कसे वागावे, ह्याचा हिशेब मांडावयाचा तर त्या एका प्रवासात कोणाच्या नावावर काय जमा होते, हे वाचकांनीच ठरवावे.

अनुभवाने शहाणपण आले, हे मान्य केले पाहिजे. २०११ साली उद्यानाचे तत्कालीन प्रमुख सुनील लिमये ह्यांच्या पुढाकाराने वनखाते, अभ्यासक आणि नागरिक ह्यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. वस्त्यांत, शाळांत, पोलिसांत व पत्रकारांत जाऊन बिबट्या म्हणजे काय आणि तो दिसल्यास काय करावे, काय करू नये, हे सांगण्यात आले. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, ही पद्धत मागे पडली. २००४ सारखा हाहाकार त्यानंतर पुन्हा झाला नाही. बिबटे मात्र कमी झाले नाहीत. उलट गणनेत त्यांची संख्या वाढली. बिबटे जितके अधिक तितके हल्ले अधिक, हे गणित मुंबईनेच खोटे ठरविले आहे.

तरीही २०२१ साली आरेमध्ये हल्ल्यांची मालिका झाली आणि २०२२ ची ती पहाट उगवली. मग उणे कोठे आहे? आमचे स्पष्ट मत असे की, ते कचऱ्याच्या पेटीत, संडासाच्या वाटेवर आणि विझलेल्या दिव्याखाली आहे.

बिबट्या वस्तीत येतो तो माणसासाठी नव्हे, कुत्र्यासाठी. कुत्री येतात ती उकिरड्यासाठी. आणि उकिरडा होतो तो वेळच्या वेळी न उचललेल्या आपल्या कचऱ्याचा, ज्यात चाळीतील शिळ्या भाकरीपासून खानावळीतील हाडकांपर्यंत सारे काही असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधात असा अंदाज वर्तविला आहे की, ह्या उद्यानातील बिबटे वर्षाकाठी सुमारे दीड हजार भटकी कुत्री फस्त करतात, आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळतात. म्हणजे पालिकेने करावयाचे एक काम बिबट्या विनावेतन करीत आहे! ह्यात विनोद असला तरी तो कडवट आहे. कारण ज्या वाटेने तो कुत्र्याच्या मागावर येतो, त्याच वाटेवर पाड्यातील मूल खेळत असते. अंधारात, उघड्यावर, शौचासाठी ओणवे बसलेले माणूस बिबट्याच्या नजरेस माणूस म्हणून दिसत नाही. त्या उंचीचे ते त्यास सावजच वाटते. उभ्या, बोलत-चालत जाणाऱ्या माणसाला टाळणारा हा प्राणी लहान मुलांवर आणि वाकून बसलेल्यांवर का झडप घालतो, ह्याचे उत्तर ह्यात आहे. ज्या घराच्या आत संडास आहे आणि दारात दिवा आहे, त्या घरातील मुलाला बिबट्याचे भय फारसे नाही. ज्याला हे दोन्ही नाही, त्याचे मूल दर संध्याकाळी डावावर लागलेले असते. तेव्हा हा प्रश्न जितका वनखात्याचा आहे, त्याहून अधिक तो महानगरपालिकेचा आहे. आणि पालिकेचा म्हणजे कर भरणाऱ्या व मत देणाऱ्या तुमचा-आमचा आहे.

‘वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो’ अशी म्हण आपण शाळेत शिकलो. ह्या रानातील वारल्यांनी ती म्हण मानली नाही. आरेच्या पाड्यांत आणि तेथून उत्तरेस ठाणे-पालघरच्या मुलखात वाघोबाची ठाणी आहेत. अभ्यासकांनी त्यांतील दीडशेवर ठाण्यांची नोंद केली आहे. वाघबारशीला तेथे पूजा होते, नैवेद्य दाखविला जातो. वाघ आणि बिबट्या ह्या दोहोंना त्या एकाच देवाच्या नात्यात धरले आहे. हा भाबडेपणा म्हणून सोडून देण्याचा विषय नाही. शेजारी बलाढ्य आहे, त्याला हाकलता येत नाही आणि आपल्यालाही कोठे जावयाचे नाही, हे ओळखून केलेला तो एक करार आहे. सांजेनंतर मूल एकटे सोडू नये, रात्री बोलत जावे, काठी हाती असावी, शेळी बंद गोठ्यात बांधावी, ही त्या कराराची कलमे. त्या समाजाने आपली बाजू पाळली. परंतु १९४९ साली दुग्धवसाहत वसविल्यापासून आजतागायत त्याच्या रानातून रस्ते गेले, तबेले झाले, आजूबाजूला इमारती उठल्या, कचरा आला, कुत्री आली. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत दोन हजारांच्या घरात झाडे पडली. पुढे आरेची ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित झाली, ही समाधानाची गोष्ट. पण करार मोडला तो पाड्याने नव्हे, शहराने मोडला, आणि दंड मात्र पाडाच भरीत आहे.

येथे कोणी विचारील की, माणसाच्या जिवाहून तुम्हांस बिबट्याचा जीव मोलाचा वाटतो काय? मुळीच नाही. माणसाचा जीव प्रथम, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. एखादा बिबट्या माणसांवर वारंवार हल्ले करीत असल्याची खात्री पटली, तर त्यास पकडून कायमचे बंदिस्त ठेवण्यास आमचा विरोध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही तशी सोय आहे. आमचा विरोध आहे तो गुन्हेगार न ओळखता सरसकट लावलेल्या पिंजऱ्याला. अशा पिंजऱ्यात सापडतो तो बहुधा पहिला आलेला. अपराधी मोकळाच राहतो आणि लोकांना वृथा निर्धास्त वाटू लागते. ‘मग उद्यानाला उंच भिंत घाला’ असेही सुचविले जाते. झाडावर सावज ओढून नेणाऱ्या प्राण्याला भिंतीचा धाक कितीसा वाटणार? शिवाय उत्तरेकडे तुंगारेश्वरच्या जंगलाशी ह्या रानाचा जो सांधा आहे, तो तोडून बिबट्यांना एका बेटावर कोंडले, तर तरुण नर नव्या जागेच्या शोधात वस्तीतच शिरतील. तो सांधा आजच घोडबंदरच्या रहदारीने झिजला आहे.

बिबट्या वस्तीत शिरतो तेव्हा आपण सुशिक्षित लोक कसे वागतो, तेही पाहावे. २०१७ च्या डिसेंबरात एका रविवारी अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतील बालवाडीत बिबट्या शिरला. सुट्टी असल्याने मुले नव्हती, हे सुदैव. त्यानंतर सुमारे महिनाभराने, जानेवारी २०१८ मध्ये, मुलुंडच्या नानेपाड्यात बिबट्या आला आणि काही माणसे जखमी झाली. अशा वेळी वनखात्याच्या माणसांना पहिली झुंज द्यावी लागते ती बिबट्याशी नव्हे, बघ्यांशी. गच्चीवर, झाडावर, मोटारींच्या टपांवर माणसे चढतात. आरडाओरडा होतो, दगड फेकले जातात, हाती कॅमेरे सरसावलेले असतात. रात्र होईपर्यंत वाट मोकळी ठेवली तर आल्या वाटेने परत जाणारा प्राणी अशा गर्दीत बावचळून समोर येईल त्याला फाडतो. दुसऱ्या दिवशी आपण ‘बिबट्याचा धुमाकूळ’ असा मथळा वाचतो. धुमाकूळ कोणाचा, हा प्रश्न मथळा देणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीही स्वतःला विचारावा.

आता मागणे काय, ते नेमके सांगतो. पालिकेच्या आर, पी, एस, टी आणि के-पूर्व ह्या विभागांत, जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक वस्तीतील कचरा सूर्यास्तापूर्वी उचलला गेला पाहिजे. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणास तेथून आरंभ व्हावा. प्रत्येक पाड्यात, चालत जाण्याच्या अंतरावर नव्हे तर घराला लागून, पाण्याची सोय असलेले संडास हवेत, आणि वाटेवर दिवे हवेत. आरेची जमीन दुग्धविकास खात्याची, काही भाग वनखात्याचा, नागरी सोयी पालिकेच्या, अशी वाटणी पुढे करून प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखविते. ती पळवाट बंद करून एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती हे काम द्यावे. मृताच्या कुटुंबास शासन आज २५ लाख रुपये देते. तो आकडा मोठा असला तरी त्याने मूल परत येत नाही. त्यातील अल्प अंशाने एका पाड्याची वाट उजळता आली असती. नुकसानभरपाईसाठी तिजोरी उघडते आणि दिव्यासाठी उघडत नाही, हा कसला हिशेब?

आणि रानाच्या कडेला उंच घरे घेऊन राहणाऱ्या वाचकांनाही एक सांगणे आहे. जंगलाचे दर्शन घडते म्हणून त्या घरांना चढी किंमत येते. त्या दर्शनाचे भाडे मात्र खालच्या पाड्यातील माणूस भरतो. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातील हजारो झोपड्या हलविल्या गेल्या आणि त्यांतील अनेक कुटुंबे चांदिवलीत गेली. रानाच्या रक्षणासाठी गरिबाने आपले घर सोडले, तर श्रीमंताने आपला कचरा घरात ठेवावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. आपल्या सोसायटीचा ओला कचरा आवारातच जिरवा, कुंपणाबाहेर टाकू नका, फाटकाशी कुत्र्यांची पंगत बसवू नका. बिबट्या दिसल्यास गर्दी करू नका. वनखात्याला कळवा आणि मुलांना आत घ्या. आणि पालिकेच्या निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्यास आपल्या रस्त्याबरोबर शेजारच्या पाड्यातील दिव्याचीही विचारणा करा. एवढे न करता सज्जातून उपदेश करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

त्या पहाटे ती माउली अंधारात पणत्या लावावयास निघाली होती. आपल्या लेकराच्या वाटेवर प्रकाश ठेवण्याचे काम तिच्या एकटीचे नव्हते. ते ह्या शहराचेही होते. पुढली दिवाळी येण्यापूर्वी जंगलाकडेच्या प्रत्येक पाड्यात निदान एक दिवा पालिकेच्या खर्चाने लागलेला असावा, आणि तो रोज संध्याकाळी पेटतो की नाही हे पाहण्यास कोणीतरी जबाबदार असावा. पिंजरा लावणे सोपे आहे. दिवा लावून तो तेवत ठेवणे कठीण आहे. पण शहर म्हणविणाऱ्याने कठीण तेच करावयाचे असते.